‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कोठे?

परीक्षण सहसा पुस्तकाचे होते. या वेळी आम्ही त्यासाठी एक वेगळाच मजकूर निवडला आहे. तो आठवड्यातून दोनदा नव्याने लिहिला जातो, पुष्कळ लोक तो वाचतात किंवा ऐकतात, आणि चार दिवसांत तो शिळा होतो. जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा हवामान-अंदाज, तोही फाल्गुन-चैत्रातला, हा तो मजकूर होय. उदाहरणासाठी आम्ही जुना अहमदनगर, म्हणजे २०२४ साली नामांतर झालेला अहिल्यानगर जिल्हा घेतला आहे.

फाल्गुन-चैत्रच का? पावसाळ्यात अंदाज चुकला तरी पाऊस आज नाही तर उद्या येतो. मार्च-एप्रिलमध्ये तसे नसते. जामखेड-कर्जतकडे रब्बी ज्वारीची कणसे खळ्यावर असतात, गहू कापणीला आलेला असतो, पारनेर-राहुरीत उपटलेला कांदा वावरात पात वाळवीत पडलेला असतो, संगमनेर-राहात्यात डाळिंबाच्या बागा असतात. अशा वेळी अर्ध्या तासाचा पाऊस किंवा पाच मिनिटांच्या गारा वर्षाची मेहनत घेऊन जातात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट अजून अनेकांच्या स्मरणात असेल. तिच्या तडाख्यातून नगर जिल्हाही सुटला नव्हता. म्हणून या दिवसांतला अंदाज कसा लिहिला जातो, हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही.

मजकुराची ओळख

भारतीय हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. शेतीच्या हवामानासाठी त्याचा स्वतंत्र विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला आणि शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवृत्त देण्यास १९४५ साली आरंभ झाला. त्या काळी अंदाजाचा प्रदेश फार मोठा असे. जिल्हा हा घटक धरून पीकसल्ला देण्याची पद्धत २००८ पासूनची. आज ‘ग्रामीण कृषी मौसम सेवा’ या योजनेखाली दर मंगळवारी व शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज निघतो. त्यात पाऊस, कमाल व किमान तापमान, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले असतील, हे आकडे असतात. नगर जिल्ह्यासाठी त्याला पीकसल्ल्याची जोड देण्याचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात होत आले आहे.

या मजकुराचा पहिला गुण मोकळेपणाने सांगितला पाहिजे. तो हवामानावर थांबत नाही, पुढे काय करावे तेही सांगतो. काढलेला कांदा झाकून ठेवा, फवारणी पुढे ढकला, विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका. हवेचे शास्त्र आणि वावरातले काम यांची अशी गाठ घालणारे लेखन आपल्याकडे थोडेच आहे.

आमची तक्रार आहे ती पावसाच्या वाक्याविषयी. वसंतातल्या अंदाजांत एक वाक्य हटकून येते. त्याची धाटणी साधारण अशी: ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे.’ वाक्य सोपे दिसते. ते वर्गात फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा, ‘आपल्या गावात पाऊस पडेल का?’ एकाच वाक्यातून निरनिराळी उत्तरे निघतील. वाक्याचा दोष तेथेच कळतो.

शब्दांमागचे आकडे

वास्तविक यातला प्रत्येक शब्द मोजून-मापून ठरविलेला आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या प्रदेशातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. त्यापुढे ‘सर्वदूर’. ‘हलका’ पाऊस म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, ‘मध्यम’ म्हणजे १५.६ ते ६४.४ आणि ‘जोरदार’ म्हणजे ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘शक्यता’ हा शब्ददेखील मोकाट नाही. खात्याच्या इंग्रजी वार्तापत्रात ‘लाइकली’ या शब्दाचा अर्थ २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’चा ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’चा ७५ टक्क्यांहून अधिक असा बांधून दिलेला असतो.

येथे वाचकाला दोन धक्के बसतात. पहिला असा, की ‘तुरळक’ हा शब्द जागेविषयी आहे, जोराविषयी नाही. ‘तुरळक पाऊस’ म्हणजे भुरभुर, असे आपण सर्रास समजतो. पण तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस त्या ठिकाणी ओढ्याला पूर आणू शकतो. दुसरा धक्का अधिक मोठा आहे. ‘लाइकली’ म्हणजे पाऊस पडण्यापेक्षा न पडण्याचीच शक्यता बरोबरीची किंवा अधिक! इंग्रजी वार्तापत्रात हा अर्थ निदान तळटीपेत सापडतो. मराठी मजकुरात पायऱ्या बहुधा पुसल्या जातात आणि २५ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत सगळ्याला एकच शब्द उरतो, ‘शक्यता आहे’. आकडे वरच्या मजल्यावर राहतात. गावापर्यंत शब्द तेवढे उतरतात.

आता थोडे गणित करू. तुरळक म्हणजे फार तर १/४ केंद्रे, आणि शक्यता फार तर १/२. दोन्हींचा गुणाकार १/८. म्हणजे जिल्ह्यातली सर्व गावे सारखी धरली, तर एखाद्या ठरावीक गावात पाऊस पडण्याची शक्यता फार तर आठात एक. हे झाले वरचे टोक. खालच्या टोकाला एक टक्का केंद्रे आणि २५ टक्के शक्यता घेतली, तर गुणाकार १/४०० येतो. एकाच वाक्यात आठात एक आणि चारशेंत एक, हे दोन्ही बसतात! वाक्य खोटे नाही. पण त्याच्या दोन टोकांत ५० पटींचे अंतर आहे.

‘वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी’ हा विनोद आपल्याकडे जुना आहे. त्याचे मूळही येथेच सापडते. अंदाज अगदी वरच्या टोकाचा आणि पूर्ण खरा असला, तरी आठांपैकी सात वेळा ऐकणाऱ्याच्या दारात पाऊस पडणार नाही, आणि तो खात्याला हसेल. खाते बरोबर, ऐकणाराही प्रामाणिक, आणि तरी शास्त्राची पत घसरते. हे टाळण्याजोगे आहे.

जिल्हा एक, हवा अनेक

दुसरा आक्षेप प्रदेशाविषयीचा. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके चौदा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे आणि घाटघर-रतनवाडीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडचे नि दक्षिणेकडचे तालुके पर्जन्यछायेत आहेत. तेथे ५००-६०० मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष चांगले म्हणतात. उंचीनुसार दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश तापमान उतरते हा पाठ्यपुस्तकातला नियम लावला, तर कळसूबाईचा माथा आणि सुमारे ५०० मीटर उंचीवरचे कोपरगाव यांत सात अंशांचा फरक पडतो. या दोन्हींना मिळून ‘कमाल तापमान ३६ ते ३८ अंश’ असा एकच पट्टा दिला, तर तो कोणाचा?

याहून मोठा प्रदेश घेतला की अंदाज आणखी पातळ होतो. ‘मध्य महाराष्ट्र’ या हवामान-उपविभागात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे येतात. वृत्तपत्रात ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस’ असे छापले, म्हणजे शेवगावच्या वाचकाला जवळजवळ काहीच सांगितले नाही. अलीकडे तालुका हा घटक धरून अंदाज देण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांची दिशा योग्य आहे.

वळीव हुलकावणी का देतो?

टीका करताना निसर्गाने घातलेली मर्यादा खात्याच्या माथी मारू नये. मोसमी पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रणालीतून येतो. तिची चाहूल काही दिवस आधी लागते. वळवाची तऱ्हा वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापते आणि तिला लागून असलेली हवा हलकी होते. अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे आणि वायव्येकडचे कोरडे वारे महाराष्ट्राच्या अंगावर एकमेकांना भेटतात. त्याच सुमारास उत्तरेकडून एखादा पश्चिमी विक्षोभ सरकत असेल, तर वरच्या थरांत थंड हवा घुसते. खाली गरम व दमट, वर थंड, अशी ही उतरंड अस्थिर असते. दुपारनंतर ती कोसळते, हवेचे लोट वर चढतात आणि गडगडाटी ढग उभा राहतो. वर चढणारा लोट जोरदार असला तर पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर फार काळ झेलले जातात, त्यांवर बर्फाची पुटे चढतात, आणि गारा पडतात.

उतरंड रचली जात आहे हे दोन-चार दिवस आधी सांगता येते, आणि हवामानखाते ते बऱ्यापैकी सांगते. ती नेमकी कोणत्या शिवारावर कोसळेल, हे मात्र सांगता येत नाही. असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात विरतो. दहा किलोमीटर व्यासाच्या ढगाखाली सुमारे ७९ चौरस किलोमीटर जागा येते. हा नगर जिल्ह्याचा दोनशेवा भागही नाही. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली नवी संगणकीय अंदाज-प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करते. तरीही एकट्या ढगाचा पत्ता पाच दिवस आधी देणे तिच्याही आवाक्याबाहेर आहे. गाव सांगायचे तर दोन-तीन तास आधीच, आणि त्यासाठी खात्याचे तात्कालिक अंदाज व विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप आहे. शिक्षकांनी मुलांना हा फरक आवर्जून सांगावा. पाच दिवसांचा अंदाज तयारीसाठी, दोन तासांचा पळापळीसाठी.

म्हणजे अनिश्चितता अटळ आहे. मग ती लपवावी की मोजून सांगावी, एवढाच प्रश्न उरतो.

‘९६ टक्के बरोबर’ची गोष्ट

अंदाज किती वेळा बरोबर येतो, असे विचारले की टक्केवारी पुढे येते. तिच्यापासून सावध राहावे. नगर येथे मार्च महिन्यात पावसाचा दिवस, म्हणजे २.५ मिलिमीटर वा अधिक पावसाचा दिवस, सरासरीने पुरता एकही भरत नाही. तेव्हा कोणी डोळे मिटून रोज ‘कोरडे हवामान’ एवढेच लिहिले, तरी ३१ पैकी ३० दिवस तो बरोबर ठरेल. त्याला शास्त्रज्ञ म्हणायचे का?

हा पेच नवा नाही. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधील जॉन पार्क फिन्ली याने १८८४ साली चक्रीवातांचे, म्हणजे ‘टॉर्नेडों’चे, २८०३ अंदाज वर्तवले. त्यांचा हिशेब चार घरांत मांडता येतो:

(क) होणार म्हटले आणि झाले: २८
(ख) होणार म्हटले, झाले नाही: ७२
(ग) होणार नाही म्हटले, पण झाले: २३
(घ) होणार नाही म्हटले आणि झाले नाही: २६८०

क आणि घ मिळून २७०८, म्हणजे ९६.६ टक्के बरोबर! परंतु टीकाकारांनी लगेच दाखवून दिले, की सर्व वेळा ‘होणार नाही’ म्हटले असते तर २७५२ अंदाज, म्हणजे ९८.२ टक्के बरोबर आले असते. काहीच न करणारा फिन्लीच्या पुढे गेला असता. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने त्याच वर्षी यातून वाट काढली. घ हे फुकटचे घर सोडून द्या, आणि क भागिले (क + ख + ग) एवढेच पाहा. फिन्लीचे उत्तर येते २८/१२३, म्हणजे सुमारे २३ टक्के. आकडा लहान आहे. पण ‘कधीच होणार नाही’ म्हणणाऱ्याचे गुण या पद्धतीत शून्य येतात. फिन्लीच्या कामात अर्थ होता, हे यातूनच कळते.

आमचा तिसरा आक्षेप येथून निघतो. मागील आठवड्यात पाऊस किती झाला, हे पत्रकात कधी दिलेले असते. पण ‘आम्ही काय म्हटले होते’ आणि ‘काय झाले’ हे दोन रकाने शेजारी शेजारी वाचकापुढे येत नाहीत. खात्याचे शास्त्रज्ञ पडताळणी करतात, तिचे अहवालही निघतात. पण ते तज्ज्ञांसाठी. वावरात कांदा पसरून बसलेल्या माणसाला गेल्या दहा इशाऱ्यांपैकी किती खरे ठरले हे कळले, तर अकरावा इशारा किती मनावर घ्यायचा हे तो स्वतः ठरवील.

टक्के सांगितले तर कळतील का?

‘शेतकऱ्यांना टक्केवारी कळणार नाही’ असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. आम्हांला तो पटत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ येथील सरकारी खगोलशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. कुक याने शंभर वर्षांपूर्वी, १९०५-०६च्या सुमारास, आपल्या अंदाजांना भरवशाचे अंक जोडण्यास सुरुवात केली होती. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यापासून पावसाची शक्यता टक्क्यांत सर्वसामान्यांना सांगितली जाते. आणि आपला शेतकरी? बाजारभाव, मजुरी, उधारी यांचा तोंडी हिशेब करून तो कांदा आज विकायचा की चाळीत भरायचा हे रोज ठरवीत असतो. जोखमीचे गणित त्याला कोणी शिकवायला नको.

ते गणित असे. मानू या, की उपटलेला कांदा गोळा करून ताडपत्रीने झाकण्यास १,५०० रुपये लागतात आणि तो भिजला तर ३०,००० रुपयांचे नुकसान होते. १,५०० भागिले ३०,००० म्हणजे १/२०. पावसाची शक्यता विसात एकाहून अधिक असेल तर झाकणे फायद्याचे, कमी असेल तर नाही. आता शाळेचे स्नेहसंमेलन घ्या. मांडवावर छत घालण्यास ५,००० रुपये, पाऊस आला तर नुकसान १०,००० रुपयांचे. येथे सीमा १/२. आपल्या नमुन्याच्या वाक्यातली शक्यता १/४०० ते १/८ इतकी पसरलेली होती. स्नेहसंमेलनाचा निर्णय त्यावर होतो. १/८ हीसुद्धा १/२ पेक्षा पुष्कळ कमी, तेव्हा छत नको. कांद्याचा निर्णय मात्र होत नाही, कारण १/२० ही सीमा त्या पसाऱ्याच्या पोटातच आहे. ज्याला अंदाजाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच हे वाक्य उत्तर देत नाही.

वृत्तपत्रांचा वाटाही येथे सांगितला पाहिजे. खात्याच्या रंगसंकेतात पिवळा रंग म्हणजे ‘माहिती घेत राहा’, नारिंगी म्हणजे ‘तयारीत राहा’ आणि लाल म्हणजे ‘कृती करा’. मथळ्यात मात्र पिवळ्या इशाऱ्याचाही ‘धोका’ होतो, ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द गळून जातात आणि ‘नगरला अवकाळी झोडपणार’ असे काही उरते. आधीच शब्दांनी पातळ झालेला अंदाज येथे उलट्या अंगाने फुगतो.

वर्गात काय करता येईल?

तक्रार करून थांबणे विज्ञानशिक्षकाला शोभत नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मार्च ते मे हे तीन महिने पुरतील असा प्रयोग आहे. मंगळवारचा व शुक्रवारचा अंदाज वहीत उतरवून घ्यावा. उभ्या भिंतींची सपाट बुडाची बरणी आणि मिलिमीटरची पट्टी यांचे पर्जन्यमापक शाळेच्या आवारात, झाडांपासून व इमारतींपासून दूर ठेवावे. खात्याप्रमाणे सकाळी साडेआठ वाजताच मोजणी घ्यावी. मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या नोंदीत येतो. येथे घोटाळा झाला तर खरा अंदाज खोटा ठरेल. मग क, ख, ग, घ ही चार घरे भरत जावीत.

एका बरणीवर मात्र विसंबू नये. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. तरी हिशेब केला, तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे १५० चौरस किलोमीटर जागा येते. ७९ चौरस किलोमीटरचा ढग या जाळीतून सहज निसटेल. म्हणून चार-पाच गावांतल्या शाळांनी मिळून नोंदी ठेवल्या तर ‘तुरळक’ या शब्दाचा अर्थ मुलांना डोळ्यांनी दिसेल. गावाने पाऊस मोजावा आणि त्यावरून निर्णय घ्यावेत, ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा पाठ घालून दिला आहेच.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. वसंतातील साप्ताहिक अंदाज हा शास्त्र म्हणून बराच पुढे गेलेला आणि लेखन म्हणून मागे राहिलेला मजकूर आहे. तो सुधारण्यास नवी यंत्रे लागत नाहीत. तीन गोष्टी पुरतील: शब्दांचे अर्थ प्रत्येक पत्रकाच्या तळाशी मराठीत छापावेत, ‘शक्यता’ या शब्दापुढे टक्के लिहावेत, आणि मागील अंदाजाचे चार घरांतले प्रगतिपुस्तक सोबत द्यावे. मुलांची प्रगतिपुस्तके आपण दरवर्षी पालकांच्या हाती देतो. हवामानाच्या अंदाजाचे प्रगतिपुस्तक शेतकऱ्याच्या हाती द्यायला हरकत असू नये.